अकरा मिनिटांचं ड्रॉइंग

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. पाठीत एक धपाटाही द्यायचा होता, पण तो पत्रातून पाठवता येत नाही, म्हणून तुझ्या नावे राखून ठेवला आहे. गुडघा कसा आहे? जिना चढतोस की अजून लिफ्टवाल्या मित्रांकडेच जातोस? वहिनींचा खोकला थांबला का? भाचीच्या दातांची तार निघाली असेल तर तिचा एक फोटो पाठव. गेल्या वर्षभरात ती एकाही फोटोत तोंड उघडून हसलेली नाही आणि बाबांना वाटतं की ती आपल्यावर रागावली आहे. आम्ही दोघं बरे आहोत. बरे म्हणजे बाबांची तब्येत सुधारली आहे आणि माझं डोकं ठिकाणावर नाही, दोन्ही मिळून बरे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, फक्त ही भिंत मधूनमधून ‘हं’ म्हणते. गेल्या महिन्यात मी तुला सांगितलं की व्हीपीएनने माझा जीव नकोसा केला आहे, तर तू म्हणालास, औषध वेळेवर घेत जा. (वहिनी मागून काहीतरी विचारत होत्या आणि तू बहुधा टीव्ही बघत होतास. नाही म्हणू नकोस, मला आवाज येत होता.) म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला हं हं करता येत नाही, वाचावंच लागतं.

तर व्हीपीएन म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण बाबांना सांगून सांगून ते मला तोंडपाठ झालं आहे. आमची कंपनी लिफ्टची ड्रॉइंगं करते आणि ती सगळी ऑफिसातल्या एका मोठ्या संगणकात असतात. घरी बसून ती उघडायची तर मधला रस्ता इंटरनेटचा, म्हणजे सगळ्या जगाचा. तिथे कोणीही डोकावू शकतं. म्हणून त्या रस्त्यातून आपल्यापुरता एक झाकलेला बोगदा काढतात, त्याचं नाव व्हीपीएन. आमचा बोगदा सात वर्षांचा जुना. त्यातून सोळा मजली इमारतीच्या लिफ्टचं एक ड्रॉइंग माझ्या लॅपटॉपवर यायला अकरा मिनिटं लागायची. मी तपासनीस, मला दिवसाला चौदा ड्रॉइंगं तपासायची असतात. गुणाकार तू कर, माझ्या अंगात त्राण नाही. त्या अकरा मिनिटांत मी काय करणार? पडद्यावरची निळी रेघ गोगलगायीच्या चालीने सरकताना बघायची, आणि शेजारच्या खुर्चीवरून बाबा पाणीखात्यातल्या गोष्टी सांगायचे. कोणत्या रस्त्याखाली किती इंची नळ आहे हे त्यांना निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी पाठ आहे, आणि आता मलाही आहे. बाजाराच्या चौकातला व्हॉल्व्ह उलटा बसवला आहे हे तुला ठाऊक होतं का? मला ठाऊक आहे. मला हे ठाऊक असायची काहीच गरज नव्हती.

मी घरून काम का मागून घेतलं ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आई गेल्यानंतर बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा मी ऑफिसात होते आणि ते दोन तास तसेच पडून होते. मग तुझ्या सांगण्यावरून मदतनीस ठेवली. तिला त्यांनी तिसऱ्या दिवशी चहा पाजून निरोप दिला. दुसरीला पहिल्याच दिवशी, चहा न पाजता. शेवटी मीच घरी बसले. आणि आता ऐक. गेल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की घरून काम करणाऱ्यांचं काम मंदावलं आहे, त्यांना एक महिन्याची मुदत. महिन्याअखेर घरून ड्रॉइंग एका मिनिटाच्या आत उघडलं नाही, तर सगळ्यांनी आठवड्याचे सहा दिवस ऑफिसात यायचं. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत बाबा घरात एकटे, आणि ते न्हाणीघर.

माझ्या तोंडून निघून गेलं की दोष माणसांचा नाही, व्हीपीएनचा आहे. तोंडावर ताबा ठेव असं आई मला जन्मभर सांगत आली, ते उगीच नव्हे. आमच्या ऑफिसात रिवाज असा आहे की जो तक्रार करतो त्याच्याच गळ्यात ते काम पडतं. जिन्यातला दिवा बंद आहे म्हणणारा आमचा एक आराखडेकार गेली तीन वर्षं दिवाप्रमुख आहे. चहा पाणचट आहे म्हणणाऱ्या बाईंना रोज सकाळी चहा चाखून सही करावी लागते. (म्हणून आमच्याकडे सगळं उत्तम चालतं. निदान तसं कोणी बोलत नाही.) साहेबांनी हसून माझ्याकडे पाहिलं आणि मी कंपनीसाठी वेगवान व्हीपीएन निवडणाऱ्या समितीची अध्यक्ष झाले. मला व्हीपीएनमधलं ओ की ठो कळत नाही हे मी सांगितलं. साहेब म्हणाले, तर मग तुम्ही निःपक्षपाती आहात.

समितीत माझ्याखेरीज एकच सभासद, कुलूपकाका. संगणकांची सुरक्षितता बघणारे हे गृहस्थ जेवणाच्या डब्यालाही छोटं कुलूप लावतात, यावरून काय ते ओळख. चार वर्षांपूर्वी कोणीतरी व्हीपीएन न लावता ऑफिसचं काम केलं होतं. तेव्हापासून काकांनी अशी व्यवस्था केली आहे की लॅपटॉप उघडला की व्हीपीएन आपोआप सुरू होतो, तो सुरू आहे हे कुठे दिसतसुद्धा नाही, आणि प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणावर प्लास्टिकमध्ये बांधलेलं एक कार्ड चिकटवलेलं आहे: व्हीपीएन कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. ‘कोणत्याही’ या शब्दाखाली दोन रेघा. हे कार्ड आम्ही रोज वाचतो आणि रोज पाळतो.

मग आले व्हीपीएन विकणारे. तीन कंपन्यांचे तीन. पहिला टायवाला, दुसरा घाईवाला, आणि तिसरा इतका नम्र की त्याच्यापुढे मलाच अपराधी वाटायला लागलं. तिघांनीही भिंतीवर चित्रं दाखवली. तिघांच्याही चित्रात एक आलेख होता, ज्यात त्यांच्या कंपनीची रेघ वर चढत होती आणि बाकीच्यांच्या आडव्या पडल्या होत्या. फक्त रंग वेगळे होते. टायवाल्याने विचारलं, तुमची नेमकी गरज काय? मी म्हटलं, ड्रॉइंग उघडायला हवं. तो म्हणाला, ते आपण नंतर बघू. घाईवाल्याला मी एक प्रश्न विचारला तर तो उत्तर देता देता जिना उतरून गेला. नम्र माणूस प्रत्येक वाक्याआधी ‘आपण परवानगी दिलीत तर’ म्हणायचा, त्यामुळे त्याचं बोलणं तासभर चाललं आणि त्यातून मला एवढंच कळलं की त्यालाही जेवायला जायचं होतं. ऐकून ऐकून माझं डोकं भणभणलं. शेवटी मी ठरवलं की ज्याचा आलेख मोठा त्याला नाही, ज्याचा बोगदा खरोखर वेगवान त्याला निवडायचं. तिघांनी आपापल्या व्हीपीएनची पेटी ऑफिसात बसवून द्यायची, आणि मी घरून प्रत्येकाच्या बोगद्यातून तेच एक सोळा मजली ड्रॉइंग उघडून बघायचं.

इथे बाबा शिरले. तू त्यांना ओळखतोसच. आयुष्यभर ज्या माणसाने नळाखाली बादली धरून पाण्याचा जोर मोजला, त्याच्यासमोर मी ‘वेग मोजायचा आहे’ असं बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत हजर. हातात जुनं खात्याचं स्टॉपवॉच, मांडीवर वही, वहीत रकाने आखलेले: तारीख, वेळ, कंपनी, हवामान. (हवामानाचा काय संबंध, असं मी विचारलं. ते म्हणाले, मोजणी करताना लिहायचं असतं.) दादा, आई गेल्यापासून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता. मी चहा करायला गेले तेव्हा ओट्याशी उभी राहून जरा डोळे पुसले.

पहिल्या दिवशी टायवाल्याचा व्हीपीएन. ड्रॉइंग उघडायला चौदा मिनिटं. जुन्यापेक्षा तीन मिनिटं जास्त. टायवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, आमच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसतंय, तुमच्या घरच्या भिंती जाड असतील. दुसऱ्या आठवड्यात घाईवाल्याचा: सोळा मिनिटं. तो म्हणाला, तुमच्या खोलीत लोखंडी कपाट आहे का? होतं. आम्ही कपाट रिकामं केलं, शेजाऱ्यांच्या मदतीने ते दिवाणखान्यात सरकवलं, त्यात शेजाऱ्यांची कंबर धरली आणि ड्रॉइंगला पुन्हा सोळाच मिनिटं लागली. तिसऱ्या आठवड्यात नम्र माणसाचा: अठरा मिनिटं चाळीस सेकंद. त्याने इतक्या वेळा क्षमा मागितली की शेवटी मीच त्याची समजूत काढली. मधल्या काळात मी टेबल स्वयंपाकघरात नेलं, गॅलरीत नेलं, इंटरनेटचा डबा कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगून पाहिला. एकदा मी लॅपटॉप मांडीवर घेऊन न्हाणीघराच्या दारात बसले होते आणि बाबा बाहेरून आत जायची वाट बघत होते. जगातले तीन वेगवान व्हीपीएन, आणि तिन्ही आमच्या त्या सात वर्षांच्या म्हाताऱ्यापेक्षा मंद. मुदतीला आठ दिवस उरले होते. साहेब फोनवर गोड आवाजात म्हणाले, काळजी करू नका, तुमचं ऑफिसातलं टेबल मी पुसून ठेवायला सांगितलं आहे.

त्या दिवशी दुपारी मी बाबांवर ओरडले. लिहायला लाज वाटते, पण ओरडले. ते वही उघडून म्हणत होते की तिन्ही आकडे जुन्या आकड्याच्या वरच आहेत, एकही खाली नाही, हे बरोबर वाटत नाही. मी म्हटलं, बरोबर वाटत नाही ते मलाही दिसतंय, आता तरी गप्प बसा. त्यांनी वही मिटली. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “हा नवा नळ तू जोडलास कुठे?”

मी म्हटलं, ऑफिसला.

“आणि जुना?”

तोही ऑफिसला, मी म्हटलं, तो बंद करायचा नसतो, हे काय कार्डावर लिहिलंय.

“म्हणजे नव्या नळाला पाणी जुन्यातूनच येतंय,” बाबा म्हणाले. “मग नवा कितीही मोठा आणलास तरी धार जुन्याचीच येणार.”

चहात साखर कमी आहे हे सांगावं अशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मी कार्डाकडे बघत बसले. तीन आठवडे आम्ही प्रत्येक नवा बोगदा त्या जुन्या बोगद्याच्या आतून खणत होतो, कारण कार्डाविरुद्ध जायची कोणाची छाती नव्हती आणि जुना बंद करा असं सुचण्याइतकं डोकं कोणाला नव्हतं. तिन्ही विक्रेत्यांना फोन केले. तिघांनीही एकच वाक्य ऐकवलं, की आम्हाला वाटलं तुम्ही जुना बंद केलाच असेल. मला त्या क्षणी कोणीतरी हाती लागायला हवं होतं. तू साता समुद्रापलीकडे आहेस हे तुझं नशीब.

आता जुना बंद करायचा, तर परवानगी कुलूपकाकांची. काका म्हणाले, लेखी अर्ज करा. अर्ज केला. त्यावर त्यांनी लिहून पाठवलं, की बंद ठेवण्याचं कारण, कालावधी आणि त्या काळात काही घडल्यास जबाबदार व्यक्ती कोण ते कळवावं. जबाबदार व्यक्ती म्हणून मी त्यांचंच नाव लिहिलं, तेव्हा अर्ज तातडीने साहेबांकडे गेला. साहेबांनी दहा मिनिटांची मंजुरी दिली. ती दहा मिनिटं राखायला काका जातीने आमच्या घरी आले, चपला दारात काढल्या, आल्या आल्या दाराची कडी ओढून पाहिली आणि लॅपटॉपशेजारी उभे राहिले. त्यांच्या हातात घड्याळ, बाबांच्या हातात स्टॉपवॉच, दोघांमध्ये सहा सेकंदांचा फरक, आणि त्यावरून दोघांची हुज्जत. त्यात दोन मिनिटं गेली. मग काकांनी मान दुसरीकडे वळवून, स्वतःच्या बोटाने, स्वतःचाच व्हीपीएन बंद केला. मला त्यांची दया आली.

टायवाला, बावन्न सेकंद. नम्र माणूस, नऊ सेकंद. घाईवाला, चार. बाबांचं बोट बटणावर पोहोचायच्या आत ड्रॉइंग उघडलं होतं, म्हणून त्यांनी ते पुन्हा करायला लावलं. पुन्हा चार. वहीत त्यांनी चारचा आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या, काकांच्या कार्डासारख्या. काकांनी नववं मिनिट संपताना जुना व्हीपीएन परत सुरू केला आणि चहा घेतला. जाताना बाबांना म्हणाले, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं. दार लावल्यावर बाबांनी ते मला दोनदा ऐकवलं.

तर घाईवाल्याची निवड झाली, साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, घरून काम करायची सोय कायम राहिली. गेल्या सोमवारपासून नवा व्हीपीएन चालू आहे आणि जुना अधिकृतपणे बंद. (झाकणावरचं कार्ड काकांनी काढलं नाही, उलटं चिकटवलं आहे.) वेळ वाचतो म्हणून साहेबांनी माझी रोजची ड्रॉइंगं चौदावरून चाळीस केली, पण ते व्हायचंच होतं. बाबांची काळजी तू करू नकोस, ते घरात आहेत आणि मीही घरात आहे. एवढंच कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार, भाचीला पापा, गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. व्हीपीएनबद्दल उत्तर लिहू नकोस. तुझ्या ओळखीच्या कोणाकडे याहून वेगवान आहे हेही कळवू नकोस. मला आता या जन्मात आणखी वेग नको.

ता. क. दुसरा. एवढंच कळवायचं होतं असं वर लिहिलं, ते खरं नाही. दादा, आता मी बटण दाबून हात उचलायच्या आत ड्रॉइंग समोर असतं. एक संपलं की दुसरं. सोमवारी बाबा नेहमीप्रमाणे शेजारी बसले आणि शाळेमागच्या टाकीची गोष्ट सांगायला लागले, ती टाकी रात्रीत रिकामी कशी व्हायची ती. मी म्हटलं, एक मिनिट हं बाबा. संध्याकाळपर्यंत मी तेच म्हणत होते. मंगळवारी त्यांनी गोष्ट काढली नाही. बुधवारी ते स्टॉपवॉच घेऊन आले, थोडा वेळ बसले, आता मोजायला काही नाही म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. काल शर्ट इस्त्रीचा नव्हता. ज्या व्हीपीएनला मी चार वर्षं शिव्या घातल्या, त्याच्यामुळेच मी दिवसातून चौदा वेळा त्यांच्याजवळ रिकामी बसत होते, हे मला तो बंद पडल्यावर कळलं. आणि तो बंद करायची युक्ती त्यांचीच. घाईवाल्याला मी विचारलं की माझ्या एकटीची जोडणी जुन्यावर ठेवता येईल का. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

म्हणून हे पत्र. तू त्यांना रोज फोन करायचास. सकाळी साडेदहाला, मला नव्हे, थेट त्यांना. अकरा मिनिटं बोलायचं. टीव्ही बंद करून. हं हं चालणार नाही. काय बोलायचं असा प्रश्न पडला तर शाळेमागच्या टाकीचं काय झालं ते विचार. मलाही ते अजून कळलेलं नाही.

ता. क. तिसरा. पत्र टेबलावर राहिलं होतं, ते बाबांनी वाचलं. म्हणाले, त्याला कशाला त्रास देतेस, तो कामाचा माणूस आहे, मला काही कंटाळाबिंटाळा येत नाही, हे सगळं खोडून टाक. मी म्हटलं, बरं. मग त्यांनी दिवाणखान्यातला फोन उचलून आपल्या खुर्चीजवळ आणून ठेवला, आणि साडेदहा म्हणजे तुझ्या घड्याळातले की आपल्या, हे आत्तापर्यंत मला दोनदा विचारून गेले आहेत.